बाभळीच्या पाण्यात, पाखरांच्या दारात

दिल्लीत राहणारी मराठी कुटुंबे सुट्टीला गावाकडे निघतात, तेव्हा मथुरा आली की डब्यात पेढ्यांचे पुडे येतात. पेढ्यांचा घमघमाट ओसरतो न ओसरतो तोच आणखी एक स्टेशन येते. फलाटावरच्या पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत लिहिलेले असते : भरतपूर. काही गाड्या थांबतात, काही धडधडत निघून जातात. पाटी वाचलेले पुष्कळ, उतरलेले थोडे. दिल्लीहून हे अंतर सुमारे १८० किलोमीटर. २०१३ मध्ये भरतपूर जिल्हा राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात सामील झाला, तेव्हापासून तर ते कागदोपत्रीही दिल्लीच्या अंगणातच आले आहे. या अंगणाच्या कोपऱ्यात एक उथळ तळे आहे, आणि त्या तळ्यात दर हिवाळ्यात हिमालयापलीकडचे पाहुणे उतरतात.

केवलादेव राष्ट्रीय उद्यान हे त्याचे सरकारी नाव. आत महादेवाचे जुने देऊळ आहे, त्यावरून ते पडले. गावातले लोक मात्र त्याला 'घना' म्हणतात. घना म्हणजे दाट झाडीचे रान. फाटकापासून पुढे आपली मोटार नेता येत नाही. पायी, सायकलने किंवा रिक्षाने जायचे. इथले सायकलरिक्षावाले हे स्वतंत्र प्रकरण आहे. वर्षानुवर्षे परदेशी पाहुण्यांना फिरवून त्यांतले कित्येकजण पक्ष्यांची इंग्रजी नावेच काय, शास्त्रीय नावेही घडाघडा सांगतात. पण घना खरा पाहायचा तर पाणी पुरेसे असताना नावेतून. चपट्या बुडाची नाव, चार-सहा माणसे, आणि मागे उभा राहून लांब बांबूने तळ रेटणारा नावाडी. पाणी जेमतेम कमरेइतके, म्हणून वल्ह्यांचा छपछपाटही नाही. दोन्ही बाजूंना पाण्यात पाय रोवून उभ्या बाभळी आणि कदंब. धुक्यात त्यांची खोडे काळी दिसतात, पडछाया पाण्यात उलटी उभी राहते आणि वर पाहावे तर प्रत्येक फांदीवर कोणीतरी बसलेले.

नावेतले गणित

बांधावरून चालणाऱ्या माणसाला पाहून जो बगळा लांबूनच उडतो, तोच बगळा नाव अगदी जवळून गेली तरी मान वळवून बघत राहतो. यात जादू काही नाही. पक्ष्याला उभ्या माणसाची आकृती ठाऊक असते. दोन पाय, हलणारे हात, पावलांचा आवाज ही सगळी धोक्याची खूण. नावेत बसलेल्या माणसाचे पाय दिसत नाहीत, तो ठेंगणा होतो, आणि नाव एका संथ लयीत ओंडक्यासारखी सरकत येते. कोणी उभे राहिले, किंवा 'तो बघ, तो बघ' करून हात लांब केला, की मोहिनी तुटते. म्हणून नावाडी आधीच बजावतो, "बच्चों को बिठा के रखिए, माताजी."

मुलांना बसवून ठेवणे सोपे नसते. पण इथे ती आपणहून गप्प होतात. उघड्या फांदीवर पंख पसरून, मान नागासारखी वाकवून एक काळा पक्षी बसलेला असतो. "आजी, याला कोणी भिजवलं?" असे विचारणारे पोर प्रत्येक नावेत एक तरी निघते. हा तिरंदाज. बदकाच्या पिसांवरून पाणी ओघळून जाते. याची पिसे मात्र पाणी पितात. त्यामुळे अंग जड होऊन त्याला पाण्याखाली सहज बुडून राहता येते. भाल्यासारख्या चोचीने तो मासा भोसकतो, वर येऊन हवेत उडवतो आणि डोक्याकडून गिळतो. शिकार झाली की ओले पंख वाळत घालायचे. कपडे वाळत घातल्याशिवाय दुसरी बुडी नाही, हा त्याच्या घरचा नियम.

एकाच पंगतीत

मराठीने या पाणपक्ष्यांना जी नावे दिली आहेत, ती मुलांना एकदा सांगितली की ती विसरत नाहीत. चोचीला पिवळे टोक आणि बुडाशी तांबडे ठिपके म्हणून 'हळदी-कुंकू' बदक. काळ्या अंगावर कपाळी पांढरा टिळा म्हणून 'वारकरी'. लालभडक लांब पायांवर ठुमकत चालणारा 'शेकाट्या'. डुबकन बुडून भलतीकडेच वर येणारी 'टिबुकली'. पसरट चोचीचा 'थापट्या', आणि ज्याची चोच खरोखरच डावासारखी आहे तो 'चमचा'.

इतकी सारी पाखरे एकाच तळ्यात जेवतात, मग त्यांची भांडणे का होत नाहीत? नावेतून तासभर पाहिले की उत्तर समोर येते. प्रत्येकाने पाण्याचा आपला थर वाटून घेतला आहे. शेकाट्या काठच्या चिखलात टोचतो. चमचा गुडघाभर पाण्यात अर्धवट उघडी चोच डावी-उजवी फिरवत चालतो, धान्य पाखडल्यासारखी. थापटे कळपाने गोल गोल फिरतात, त्या भोवऱ्याने वर आलेले बारीक जीव चोचीच्या गाळणीतून गाळून घेतात. तलवार बदक शेपूट वर करून उलटे होते आणि तळाचे कंद-बिया शोधते. उघड्या चोचीचा करकोचा शंखातली गोगलगाय अलगद काढून खातो. पाणकावळे आणि तिरंदाज खोल पाण्यात मासे पकडतात. कमळपक्षी लांबलचक बोटांचे पाय टाकत पानांवरूनच चालतो. त्याच्या संसारात आणखी एक गंमत आहे : मादी अंडी घालून पुढच्या संसाराला निघते आणि अंडी उबवण्यापासून पिलांना सांभाळण्यापर्यंत सगळे नर करतो. हे ऐकून नावेतल्या बायकांत हशा पिकतो आणि पुरुष दुर्बिणीत डोळे खुपसतात.

पावसाळा संपता संपता इथली खरी धांदल असते ती रंगीत करकोच्यांची. पिवळी चोच, शेंदरी चेहरा, पंखांवर गुलाबी झाक. एकाच बाभळीवर कित्येक घरटी, प्रत्येकात दोन-तीन भुकेली पिले आणि दिवसभर मासे घेऊन येणारे आईबाप. तो कलकलाट चाळीतल्या नळाच्या वेळेची आठवण करून देतो. हिवाळा पडला की उत्तरेकडचे पाहुणे येऊ लागतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस मध्य आशिया आणि तिबेटाच्या पठारावरून हिमालय ओलांडून येतात. साडेतीनशेहून अधिक जातींचे पक्षी इथे नोंदले गेले आहेत, आणि हे सारे अवघ्या २९ चौरस किलोमीटरांत. त्यातही पाणथळ भाग साधारण एक तृतीयांशच.

माणसाने बांधलेले रान

हे तळे निसर्गाने जसेच्या तसे दिलेले नाही. ही मुळात एक खोलगट जमीन. गंभीर आणि बाणगंगा या नद्यांचे पावसाळी पाणी तिच्यात शिरे. भरतपूरचा जाट राजा सूरजमल याने अठराव्या शतकात अजान बांध घातला आणि पाणी अडले. सूरजमलचे नाव मराठी माणसाला परके नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सर्वनाश झाल्यावर जे मराठे उपाशी, जखमी, अंगावरच्या फाटक्या वस्त्रांनिशी दक्षिणेकडे निघाले, त्यांना याच सूरजमलने आपल्या मुलखात आसरा दिला, अन्नवस्त्र दिले. दमून आलेल्या पाहुण्याला जागा देण्याची या भूमीची रीत पाखरांपुरती नव्हती.

पुढे एकोणिसावे शतक संपताना संस्थानाने इथे पाट, बांध आणि पाणी सोडण्याच्या मोऱ्या बांधल्या. हेतू पुण्याचा नव्हता. बदके जमावीत आणि बड्या पाहुण्यांना त्यांची शिकार करता यावी, यासाठी हा खटाटोप. केवलादेवाच्या देवळाजवळ आजही दगडी फलक उभे आहेत. कोणत्या तारखेला, कोणाच्या सन्मानार्थ, किती बंदुकांनी किती पक्षी पाडले, याचा हिशेब त्यांवर कोरलेला आहे. सर्वांत मोठा आकडा १२ नोव्हेंबर १९३८ चा. त्या दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत ४,२७३ पक्षी पडले. एका दिवसात. फलकासमोर उभी राहिलेली माणसे आकडा दोनदा वाचतात.

स्वातंत्र्यानंतर तळे आटवून जमीन शेतीला द्यावी अशी मागणी झाली. पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांनी ते वाचवण्यासाठी पंडित नेहरूंपर्यंत धाव घेतली. १९५६ मध्ये ते पक्षी अभयारण्य झाले, तरी राजघराण्याचा शिकारीचा हक्क १९७२ पर्यंत राहिलाच. १९८१ मध्ये ओरिसातील चिल्का सरोवरासोबत ते भारतातले पहिले रामसर क्षेत्र ठरले, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेले. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान, १९८५ मध्ये जागतिक वारसा.

म्हशींनी शिकवलेला धडा

राष्ट्रीय उद्यान झाले आणि कायद्याप्रमाणे गुरे चारण्यास बंदी आली. आसपासच्या गावांची गुरे पिढ्यान्‌पिढ्या या रानात चरत होती. नोव्हेंबर १९८२ मध्ये बंदी अमलात येताच लोक उसळले, पोलिसांचा गोळीबार झाला आणि काही गावकरी प्राणास मुकले. पाखरांच्या रक्षणासाठी माणसांचे रक्त सांडले, ही या सुंदर जागेच्या इतिहासातली न पुसणारी गोष्ट आहे.

पुढचा भाग अधिकच विचार करायला लावणारा. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १९८० पासून दहा वर्षे इथे अभ्यास करीत होती. गुरे पक्ष्यांना अपायकारक, अशीच तेव्हाची सर्वसाधारण समजूत. पण गुरे गेल्यावर तळ्यातले गवत माजले. उघडे पाणी झाकले गेले, बदकांना उतरायला जागा कमी पडू लागली, मासे घटले. म्हशी पाण्यात शिरून जे गवत खात होत्या, ते काम करायला आता कोणी उरले नव्हते. अभ्यासकांनी हे प्रांजळपणे मांडले. आपला अंदाज चुकला हे लपवले नाही. नंतर गावकऱ्यांना गवत कापून नेण्याची परवानगी मिळू लागली. पुढे वेडी बाभूळ रानभर पसरली, तेव्हाही गावांतल्या लोकांनीच ती मुळासकट उपटली आणि जळण घरी नेले. रानाचे काम झाले, चुलीचेही झाले. १९८२ मध्येच असे एकत्र बसून बोलता आले असते तर, हा प्रश्न मात्र मागे राहतो.

न आलेले पाहुणे

जुने रिक्षावाले आणि नावाडी एका जागी आले की हमखास आवाज खाली आणतात. तिथे सायबेरियन क्रौंच उतरत. बर्फासारखे पांढरे, चेहरा लाल, पंखांची टोके काळी. पश्चिम सायबेरियातील ओब नदीच्या खोऱ्यातून निघून, अफगाणिस्तान आणि पाकिस्तान ओलांडत, पाच हजारांहून अधिक किलोमीटर उडून ते घन्यात येत आणि उथळ पाण्यातले कंद उकरून खात. आई, बाप आणि बहुधा एकच पिलू, असे हे कुटुंब. पिलाला वाट शिकवायची ती आईबापांनीच.

१९६४-६५ च्या हिवाळ्यात इथे सुमारे २०० क्रौंच होते. दहा वर्षांनी शंभराच्याही खाली. वाटेवर होणारी शिकार, ओसाड होणारी तळी, अफगाणिस्तानातले युद्ध. प्रत्येक वर्षी परतणाऱ्यांची संख्या घटत गेली. २००१-०२ च्या हिवाळ्यात शेवटची जोडी दिसली आणि त्यानंतर कोणीच आले नाही. पक्ष्यांची जात अजून आहे. चीनच्या पोयांग सरोवरावर पूर्वेकडचे क्रौंच हजारोंनी हिवाळा काढतात. पण भरतपूरची वाट ज्यांना ठाऊक होती ती घराणी संपली, आणि वाट सांगणारे वडीलधारे नसले की नवी पिढी येणार कशी? इराणमध्येही कित्येक वर्षे एकच क्रौंच एकटा येत राहिला. तिथल्या लोकांनी त्याचे नाव ठेवले 'ओमीद'. ओमीद म्हणजे आशा.

पाणी कोणाचे?

घन्याच्या जिवाला खरा घोर आहे तो पाण्याचा. उद्यानाची गरज वर्षाला साधारण ५५ कोटी घनफूट. पूर्वी हे पाणी गंभीर नदीतून अजान बांधात आणि तिथून तळ्यात येई. पण वरच्या अंगाला करौली जिल्ह्यात पांचना धरण झाले. २००४ च्या सुमारास पाऊस ओढ देऊ लागला, तेव्हा धरणाच्या लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांनी पाणी खाली सोडायला विरोध केला. त्यांचेही चूक कसे म्हणावे? ज्याचे पीक उभ्याने वाळते आहे, त्याला करकोच्याची पिले दाखवून काय सांगणार? त्या काही वर्षांत तळ्याच्या जागी भेगाळलेली जमीन दिसू लागली. रंगीत करकोचे आले, झाडांभोवती घिरट्या घालून निघून गेले. नावा उलट्या घालून ठेवाव्या लागल्या. जागतिक वारसा हे बिरुद जाते की काय, अशी वेळ आली.

मग उपाय शोधले गेले. गोवर्धन नाल्याचे पुराचे पाणी नळमार्गाने आणण्यात आले, चंबळेच्या पाण्याचाही आधार घेण्यात आला. तळे पुन्हा भरले. तरी जाणते लोक एक फरक सांगतात. नदीचे पाणी येते तेव्हा नुसते पाणी येत नाही. त्यासोबत माशांची असंख्य पिले, पाणवनस्पतींचे बी, किडे, गाळातले सत्त्व असे सगळे येते. नळातून आलेले पाणी तहान भागवते; पंगत मांडत नाही. ज्या करकोच्याला पिलांसाठी दिवसभर मासे लागतात, त्याला हा फरक पहिल्यांदा कळतो.

शेतकरी आणि पाखरे यांच्यात पाण्याची वाटणी कशी करायची, याचे सोपे उत्तर कोणाजवळ नाही. चांगल्या पावसाच्या वर्षी प्रश्न झाकला जातो, वाईट वर्षी उघडा पडतो. पण भरतपूर शहरातील कितीतरी घरांची चूल ही पाखरे येण्यावर पेटते, आणि तळ्याने जिरवलेले पाणी भोवतालच्या विहिरींनाच मिळते. एवढे लक्षात घेतले तरी पक्षी विरुद्ध माणूस असा हा सरळ सामना उरत नाही.

जाणाऱ्यांसाठी

करकोच्यांची घरटी पाहायची तर ऑगस्ट-सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत जावे. परदेशी पाहुण्यांसाठी डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. नाव चालू आहे की नाही हे पाण्यावर ठरते, ते फाटकावर विचारून घ्यावे. सूर्योदयाच्या सुमारास आत असावे. गरम कपडे, मातकट किंवा हिरव्या रंगाचे असले तर बरे, लाल-पांढरे नकोत. घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला नावेच्या मधल्या फळीवर बसवावे, उभे कोणीच राहू नये. घरट्याखाली नाव थांबवण्याचा हट्ट धरू नये. आईबाप उडाले की उघडी पिले उन्हात तापतात.

खाऊ घालण्याचा मोह तर टाळावाच. दिल्लीतही कश्मीरी गेटजवळच्या यमुना घाटावर हिवाळ्यात नावेतून पक्षी पाहता येतात. धुक्यातला सूर्योदय आणि नावेभोवती घिरट्या घालणारे शेकडो कुरव हे दृश्य विलक्षण असते. पण तिथे नावेतून शेव-फरसाण उधळले जाते. मासे खाणाऱ्या पक्ष्याला तळलेले बेसन आणि मीठ ही मेजवानी नव्हे. आपल्या घरच्या लहान बाळाला हौसेने मिरचीचा ठेचा चाटवावा, तसा हा प्रकार.

महाराष्ट्रात असणाऱ्यांनी हळहळू नये. नाशिकजवळचे नांदूर मध्यमेश्वर 'महाराष्ट्राचे भरतपूर' म्हणूनच ओळखले जाते आणि २०२० मध्ये ते राज्यातले पहिले रामसर क्षेत्र जाहीर झाले. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणजवळ मासेमारी करणारेच आपल्या नावांतून पाहुण्यांना रोहित पक्ष्यांचे थवे दाखवतात.

भरतपूरच्या नावेत संध्याकाळ होते तेव्हा पाणी तांबूस होते. बगळ्यांच्या रांगा झाडांवर उतरतात, दूर कुठेतरी सारसाची जोडी एकमेकांना साद घालते. नावाडी बांबू टेकवून क्षणभर थांबतो. पाठीमागे, रानाच्या पलीकडे, रेल्वेची शिटी ऐकू येते. मुंबईकडे निघालेली एखादी गाडी भरतपूरची पिवळी पाटी ओलांडून पुढे गेलेली असते. तिच्यात पेढ्यांचे पुडे असतात, खिडकीला नाक लावलेली मुले असतात. पुढच्या खेपेला त्यांतली दोन-चार तरी इथे उतरावीत.